अण्णाचं गवत

मार्गशीर्ष सरत आला की बीदरच्या आमच्या गल्लीत ताकाचा आणि ठेचलेल्या लसणाचा वास सुटतो. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील करतात आणि ती मडक्यात रात्रभर मुरू देतात. दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या असते. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. माणसं शेतात जातात, कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात आणि तिथंच जेवतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी बोलावतंच, आणि न बोलावता कुणाच्या शेतात गेलं तरी पानावर बसवतात. शेजारची सुनंदा मला दरवर्षी विचारते, "मावशी, येताव का शेताला?" मी गुडघ्यांवर हात ठेवते. माझ्या गुडघ्यांना तसं काही झालेलं नाही. मग ती बिचारी संध्याकाळी तांब्याभर आंबील आणून देते, आणि मी ती ओट्यावर झाकून ठेवते.

यंदा तेवढ्यानं भागलं नाही. गच्चीवर वाळवण घालायला गेले होते. मागच्या बाजूला नवा रस्ता झालाय, त्याच्या कडेच्या नालीत सांडपाणी साचतं. तिथं ते उभं होतं, पुरुषभर उंच, वाऱ्यावर जांभळट तुरे हलवत. ज्वारीसारखंच पान, पानाच्या मधोमध तीच पांढरी शीर. ओळख पटायला क्षणही लागला नाही. मी वाळवण तसंच टाकून खाली आले आणि पाणी प्याले.

पुस्तकात त्याचं काहीतरी भारदस्त नाव असेल. आमच्या गावात, राजेश्वरच्या अलीकडं जे आमचं लहानसं गाव आहे तिथं, त्याला अण्णाचं गवत म्हणतात. ज्यांनी अण्णांना पाहिलेलंही नाही ती पोरंसोरं म्हणतात. अण्णाचं गवत माजलंय. अण्णाचं गवत मरत न्हाई. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. इतका मऊ माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं नाव आज तिथं शिवीसारखं घेतलं जातं. याचं मला दुःख होतं म्हणणं कमी पडेल. मला त्याचा संताप येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

अण्णा हैदराबादला होते. निजामाच्या फौजेतल्या घोड्यांसाठी चारा पिकवायचं मोठं कुरण होतं, त्याची राखण आणि कापणी त्यांच्याकडे होती. त्यांची बायको, म्हणजे आमची अक्का, गावीच असायची. वर्षातून एकदा ते यायचे, हैदराबादी बोली बोलायचे, चहा बशीत ओतून प्यायचे आणि परत जायचे. पोलीस अॅक्शन झाली, फौज मोडली, घोडे कुठं गेले ते कुणालाच कळलं नाही, आणि एका दुपारी अण्णा हुमनाबादपर्यंत लॉरीनं आणि पुढं पायी घरी आले. डोक्यावर एक पोतं होतं. मी नवी सून, उंबऱ्याआड उभी. अक्कानं पोतं सोडलं. आत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या मुळ्या होत्या.

"एवढ्या वरसाची चाकरी," अक्का म्हणाली, "आन् आणलाव काय, तर मुळ्या?"

"घोडे गेले, मालक गेले," अण्णा म्हणाले. "ह्ये तेवढं कुणी मागितलं न्हाई. म्हणून आणलो."

त्या वर्षाची कल्पना आज कुणाला देता येणार नाही. पेरणीच्या दिवसांत गाव अर्धं जीव वाचवायला उठून निजामाच्या सरहद्दीपलीकडं गेलेलं. परत आलो तेव्हा पेरणीची वेळ निघून गेली होती. ज्वारी नाही म्हणजे भाकरी नाही, हे सगळ्यांना समजतं. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही, हे ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यालाच समजतं. छपराचं जुनं गवत उपसून लोक बैलांना घालत होते. कडुलिंबाचा पाला घालत होते. आमच्या घरी बैलजोडी होती आणि कपिली नावाची गाय होती, तिची हाडं मोजता यायची. मी जेवायला बसले की ती दावणीवरून माझ्याकडं बघायची, आणि मला घास गिळवत नसे.

अण्णांनी त्या मुळ्या शेताच्या कोपऱ्यात, नाल्याच्या ओलीला लावल्या. माझे मालक, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, हसले होते. उन्हाळ्यातच ते गवत गुडघ्याला लागलं. पहिला पाऊस पडल्यावर कमरेला लागलं. आज कापलं की आठवड्यात परत तयार. मी आणि अक्का विळे घेऊन जायचो. पानाच्या कडेनं हात चिरायचे, आणि कापलेल्या बुडख्यातून उसासारखा गोड वास यायचा. खोटं कशाला बोलू, मला ते गवत फार आवडायचं. कपिलीच्या अंगावर तकाकी आली. पोळ्याच्या आधी ती व्यायली आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी सासरी पोटभर ताक प्याले.

गावातली माणसं यायची, बांधावर उभी राहायची, संकोचानं विचारायची. अण्णांचं एकच उत्तर, "न्या की. इचारायलाव काय? आपलंच हाय." रिकाम्या हातानं परत आलेल्या माणसाला मारुतीच्या पारावर आता सरकून जागा देत होते. अण्णा बसायचे, घोड्यांच्या गोष्टी सांगायचे, आणि घरी येताना त्यांची चाल बदललेली असायची. अक्का हे सगळं बघायची. एकदा मला म्हणाली, "पोरी, मानूस घरी आल्यासारखा वाटायलाय बघ आता." त्यांना मूलबाळ नव्हतं. तिच्या वाट्याला नवरा इतक्या उशिरा आला होता, आणि मान मिळवून आला होता.

मग त्या वर्षीची येळवस आली. कोप कडब्याची बांधायची असते, आणि आदल्या साली ज्वारीच नव्हती तर कुणाकडं कडबा नव्हता. कोपीशिवाय येळवस कशी करायची? सगळा गाव नाल्यावर आला. अण्णा कमरेला उपरणं बांधून स्वतः कापून देत होते. माणसं डोक्यावर पेंढ्या घेऊन आपापल्या शेताकडं चालली होती आणि प्रत्येक पेंढीच्या टोकाला ते जांभळे तुरे डुलत होते. अक्कानं तर मुद्दाम चांगले तुरे निवडून आमच्या कोपीच्या दारावर तोरणासारखे बांधले. मी पांडवांना चुना लावला. सगळ्या भाज्यांची एकत्र भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. कोण कुणाच्या कोपीत जेवत होतं याला धरबंध नव्हता. ओसाड वर्षानंतरचा तो पहिला सण. माणसं उगाचच एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवत होती.

त्या दिवशी दिवस मावळायला आला की एक पेंढी पेटवून उभ्या पिकाभोवती फिरवायची चाल आहे. पिकाला रोगराई लागू नये, नजर लागू नये म्हणून. कडबा भर्रकन पेटतो. हे गवत आतून ओलसर. ते नुसतं धुमसायचं. म्हणून माणसं ते झटकत होती, जमिनीवर आपटत होती, पुन्हा फुंकर घालत होती, आणि धावत होती. चारी दिशांना शेताशेतातून धूर आणि आरोळ्या. अण्णा सगळ्यांच्या पुढं, पेंढी डोक्यावर गरगर फिरवत. मी त्यांना तेवढं आनंदात पुन्हा कधी पाहिलं नाही.

पूजा करून, हात जोडून, गावानं त्या दिवशी प्रत्येक शेतात ते बी पेरलं. अर्धे जळालेले तुरे सरीसरीतून सांडत होते आणि आम्ही त्यांच्यावर आंबील शिंपडत होतो. आजही हे लिहिताना अंगावर काटा येतो. कुणी वाईट वागलं असतं, कुणी आळस केला असता, तर निदान बोट दाखवायला जागा होती.

पुढच्या हंगामात ज्वारी दाट उगवली म्हणून सगळे खूश होते. खुरपायला बायका बसल्या, त्यांनी इतर तण काढलं आणि ते तेवढं राखलं, कारण ते हुबेहूब ज्वारी होतं. मीही राखलं. ओळीत नसलेलं रोप दिसलं तर अक्का म्हणायची, "असू दे, फुटून पडलेला दाना असल." मग निसवायच्या दिवसांत ज्वारीला कणसं आली आणि मधल्यामधल्या ताटांना जांभळे तुरे. माझे मालक बांधावर नुसते उभे राहिले.

त्यांच्या वखराच्या पाळीचं गावात नाव होतं. आमची काळी जमीन रब्बीची. पावसाळाभर तिला पाळीवर पाळी घालायची, तण येऊ द्यायचं नाही, माती लोण्यासारखी ठेवायची, मग हस्ताच्या सुमाराला पेरायची. हीच तिथली शेती आणि हाच तिथला अभिमान. ते पेटून उठले. पाऊस उघडला की वखर. पुन्हा उघडला की पुन्हा वखर. वखराच्या पातीनं मुळी तुटायची, पातीलाच अडकून शेताच्या या टोकाची त्या टोकाला जायची, आणि जितके तुकडे तितकी रोपं यायची. आळशी माणसाच्या शेतात ते कोपऱ्याकोपऱ्यानं राहिलं. आमच्या शेतात ते अंथरल्यासारखं झालं. मालक संध्याकाळी हात धुवायचे आणि ताटावर बसून म्हणायचे, "मेहनत कमी पडायलीय." अण्णा मान खाली घालून जेवायचे.

मुळी मी हातात घेऊन पाहिली आहे. बोटाएवढी जाड, पांढरी, पेरापेरांची, टोकाला काट्यासारखी टोकदार. प्रत्येक पेराला डोळा. बांधावर ढीग करून वाळत घातली तर पावसाच्या एका सरीनं ढिगालाच कोंब यायचे. अण्णांनी कुदळ घेतली. उन्हाळ्यात काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या भेगांतून ते मुळीचा माग काढत खोल जायचे. सकाळी जायचे, उन्हानं डोळे लाल करून यायचे. मुळ्या पोत्यात भरून घरी आणायचे आणि अंगणात जाळायचे. पोतंही बहुतेक तेच होतं, हैदराबादचं.

लोकांनी लगेच तोंड फिरवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. दोन हंगाम कुणी काही बोललं नाही. मग कुणाची तरी ज्वारी निम्म्यावर आली. मग एक दिवस पारावर शेजारच्या शेताचे बसप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, घोड्याचं खानं मानसाच्या रानात कामून आणलाव?"

अण्णा तिथून उठले. घरी येऊन अक्काला म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय." अक्का भांडली. "तवा मागायला कोण आलतं? डोक्यावर पेंड्या घिऊन कोण गेलतं?" अण्णा म्हणाले, "तसं बोलू नगस. त्यांची जनावरं उपाशी व्हती." त्यानंतर ते पाराकडून जायचं सोडून मागच्या बोळानं शेताला जाऊ लागले.

त्या साली येळवसला अक्कानं नेहमीपेक्षा जास्त स्वयंपाक केला. मोठी भगुणी भरून भज्जी, दोन मडकी आंबील. आता कडबा होता, कोप कडब्याची होती. आम्ही चौघं जेवलो. बसप्पांच्या शेतातून हसण्याचे आवाज येत होते. वाटेनं माणसं जात होती, आमच्या बांधाशी आली की पाय उचलून चालत होती. आमच्या मातीतून काही चिकटून येईल अशी भीती होती त्यांना, आणि ती खरीच होती. अक्का कोपीच्या दारात हात आडवा धरून उभी. "येतील," म्हणत होती, "आधी आपापल्या कोपीत जेवतील, मग येतील." कुणी आलं नाही. येळवसला ज्याच्या शेतात कुणी येत नाही असं घर मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अण्णा पांडवांसमोर बसून एकेका दगडावरची माती पुसत राहिले. तो चुन्याचा पांढरा रंग आणि त्यांची काळी बोटं मला अजून दिसतात.

यातून अण्णांच्या मनात एकच गोष्ट बसली. शेत साफ झालं तर लोक येतील. बाकी काही त्यांना नको होतं. पुढच्या श्रावणात पावसानं ताण दिला. गवत खणून खणून पुन्हा आलेले कोंब हातभर होऊन उन्हानं मलूल पडले होते. अण्णा म्हणाले, "मुळीला वर पानच दिसू द्यायचं न्हाई. जनावरं सोडतो. खाऊन खाऊन मारतील." आणि कपिलीचं दावं सोडून तिला आत घातलं. जिनं ते गवत खाऊन जीव धरला होता तीच गाय. ती चार घास खाऊन थांबली, अंग थरथरलं, तोंडातून फेस आला, आणि गुडघ्यांवर बसली ती उठलीच नाही. आम्ही धावत पोचेपर्यंत संपलं होतं. कोवळी ज्वारी उन्हानं सुकली की जनावराला बाधते, हे आमच्याकडं लहान मुलालाही ठाऊक असतं. पण हे गवत कपिलीचं रोजचं होतं, त्याच्याबद्दल तसं कुणाच्याच मनात आलं नाही. अण्णा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"घोडे खात व्हते की गं," ते अक्काला म्हणाले. "इतके घोडे खात व्हते."

अक्कानं त्यांचा हात गाईच्या गळ्याखालून काढला आणि त्यांना उठवलं. मला वाटतं, माणसाचं मन मोडतं ते मोठ्या संकटानं नव्हे. त्यानं प्रेमानं दिलेली गोष्ट उलटते तेव्हा मोडतं. अण्णा खणत राहिले. पावसात, उन्हात, ताप अंगावर घेऊन. मालकांनी शेत पडीक टाकायचं ठरवलं आणि हुमनाबादला एका अडतीवर कामाला जाऊ लागले. अण्णा पडीक रानातही जायचे. हैदराबादचं राज्य मोडून आपण कुठं जाणार याची चर्चा गावभर चालली होती त्या साली, उन्हाळ्याच्या तोंडाला, ते बांधावरच वारले. कुदळ शेजारी होती.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून पुरतात, आणि आपलं शेत असेल तर शेतात. त्या सकाळी सगळा गाव आला. मयताला यायचं नाही असं आमच्याकडं कुणी करत नाही. बसप्पांनी स्वतः खड्ड्याला कुदळ घातली. छातीएवढं खोल गेल्यावर ते थांबले. खड्ड्याच्या तळाशी, भेगेतून उतरलेली, पांढरी मुळी होती.

अक्का पुढं आली. रडत नव्हती. म्हणाली, "ती काढा. ती असताना मी त्यास्नी तिथं बसवू देनार न्हाई."

मग जे झालं ते मी विसरू शकत नाही. बसप्पा खड्ड्यात वाकले आणि हातानं माती उकरू लागले. कुणी बाहेर काढलेल्या मातीच्या ढिगाशी बसलं. बायका बसल्या. ढेकूळ फोडायचं, बोटांनी चाळायचं, मुळी निघाली की पोत्यात टाकायची. खड्ड्याच्या भोवतालची जागाही साफ केली, चार-पाच पावलं सगळीकडून. ऊन वर आलं तेव्हा तिथली माती पूर्वीसारखी काळीभोर आणि मऊ झाली होती. विभूती लावलेल्या, बेलपानं घातलेल्या अण्णांना त्या मातीत बसवलं. माणसं हात झटकत निघाली.

अक्का त्या साफ जागेकडं बघत होती. ती तिथं वाकली, मूठभर माती उचलली, बोटांतून सोडली. मग वळून सगळ्यांना म्हणाली, "निगतंय की वो. मानसं लागतात, एवढंच. उद्या बी येताव का? एवढं झालं, बाकीचं बी व्हईल."

कुणी नाही म्हणालं नाही. बसप्पांनी मान हलवली, होकाराची की नुसतीच, ते समजलं नाही.

मयत झाल्यावर आमच्यात सुतक धरत नाहीत. अक्कानं संध्याकाळीच पीठ कालवलं, लसूण ठेचला. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी शेतात गेलो. माझ्या हातात टोपली आणि तिच्या डोक्यावर आंबिलीचं मोठं मडकं, येणाऱ्यांना द्यायला. आम्ही साफ जागेच्या कडेनं बसून खणायला लागलो. तिथून चारी बाजूंची शेतं दिसत होती. माणसं आली होती. आपापल्या शेतात आली होती, वाकून आपापलं गवत उपटत होती. प्रत्येकाच्या रानात अण्णाचं गवत होतं, आणि प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडं होती. मी त्यांना दोष देऊ शकले नाही, आजही देत नाही.

"येतील," अक्का म्हणाली. "आधी आपलं थोडं उरकतील, मग येतील."

ऊन डोक्यावर आलं. आम्हा दोघींची मिळून हातभर जागा साफ झाली होती. अक्कानं मडक्यावरचं फडकं उचलून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. मग मला म्हणाली, "तू पी थोडी." मी म्हटलं, "अक्का, सगळे आल्यावर पिऊ." दिवस मावळायला आम्ही उठलो, तेव्हा मडकं जसं भरून नेलं होतं तसंच तिनं डोक्यावर घेतलं.